पुराचं पाणी ओसरल्यावर घर वाळवताना: पंप, पंखे, डिह्युमिडिफायर आणि मोजमापाची साधनं

पूर ओसरला, चिखल काढला, फरशी पुसली की घर कोरडं झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात तेव्हा फक्त डोळ्यांना दिसणारं पाणी गेलेलं असतं. खरा साठा भिंतीच्या आत असतो. त्याचा अंदाज आधी घ्या, म्हणजे कोणतं यंत्र किती दिवस लागेल हे आपोआप कळतं.

10 बाय 12 फुटांची खोली आहे, 9 इंची विटांच्या भिंती आहेत आणि पाणी 4 फूट चढलं होतं असं समजा. दारं वगळून भिजलेली भिंत साधारण 160 चौरस फूट होते. त्यात 1600 च्या आसपास विटा बसतात. भाजलेली वीट साधारण 3 किलोची, आणि ती वजनाच्या 15 ते 20 टक्क्यांपर्यंत पाणी धरू शकते, म्हणजे विटेमागे जवळपास अर्धा लिटर. पूर्ण भिजली तर एका खोलीच्या भिंतीत 800 लिटर. निम्मंच धरलं तरी 400 लिटर, म्हणजे दोन पिंपं. हे पाणी पुसून निघत नाही. वाफ होऊनच ते बाहेर पडणार, आणि ती वाफ घराबाहेर नेण्याची सोय आपण करायची.

भिंत किती खोल भिजली हे पाणी किती वेळ उभं होतं यावर ठरतं. चिपळूणमध्ये 22 जुलै 2021 ला पाणी झपाट्यानं चढलं. सांगली-कोल्हापुरात ऑगस्ट 2019 मध्ये अनेक घरं कित्येक दिवस पाण्यात उभी होती. दुसऱ्या प्रकारात पाणी गाभ्यापर्यंत पोचतं आणि पाण्याच्या खुणेच्या वरही फूट-दीड फूट ओल चढते. म्हणून भिंतीवरची चिखलाची रेघ ही ओलीची वरची सीमा समजू नका.

एक काम सगळ्यात आधी. पंचनामा आणि विमा या दोन्हींसाठी पाण्याची रेघ, भिजलेलं सामान आणि मीटरची जागा यांचे फोटो साफसफाईपूर्वी काढून ठेवा. रेघ धुतली गेली की पुरावाही गेला.

विजेची तपासणी

वाळवण्याची सगळी साधनं विजेवर चालतात आणि घर ओलं असतं, त्यामुळे इथे घाई म्हणजे जिवाशी खेळ. मीटर पाण्यात बुडाला असेल तर त्याला हात लावू नका, वीज कंपनीला कळवा. मेन स्विच बंद ठेवून वायरमनकडून बुडालेले सगळे बोर्ड उघडून घ्या. पुराच्या पाण्यात गेलेले एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारे स्विच), आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारे), साधे स्विच आणि सॉकेट वाळवून परत वापरायचे नसतात. आतल्या स्प्रिंगवर आणि संपर्कांवर गाळ बसलेला असतो, आणि नेमक्या गरजेच्या वेळी ते ट्रिप होत नाहीत. ते बदलाच.

भिंतीतल्या पाइपांमध्ये पाणी साठून राहतं. वायर ओढून काढून पाइपात ब्लोअरनं हवा मारली की ते बाहेर येतं. त्यानंतर मेगरनं (वायरचं इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्रानं) 500 व्होल्टवर तपासून घ्या. किमान 1 मेगाओहम मिळायला हवा. तोवर त्या खोलीतलं सर्किट चालू करू नका. वरच्या मजल्यावरचं कोरडं सर्किट सुरक्षित असेल तर तिथून एक्स्टेन्शन आणा. मात्र त्या लाइनवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग असल्याशिवाय ओल्या खोलीत यंत्र लावू नका. एक्स्टेन्शनची वायर किमान दीड चौरस मिलीमीटरची हवी, आणि रीळ असेल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या रिळावर दीड-दोन किलोवॉटचा भार दिला तर ती आतून तापून वितळते. जोड जमिनीवर ठेवू नका, खुर्चीवर किंवा खिळ्याला टांगून ठेवा.

जनरेटर वापरायचा तर तो घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून किमान 20 फूट दूर. व्हरांडा, जिन्याखालची जागा, अर्धं शटर उघडलेलं दुकान या जागा बाहेरच्या मानू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाविना माणूस मारतो. भिंत शेकायला बंद खोलीत शेगडी पेटवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, तीही याच कारणानं सोडून द्या.

पाणी उपसताना

गढूळ पाण्याला मड पंप लागतो. विहिरीचा किंवा बोअरचा सबमर्सिबल स्वच्छ पाण्यासाठी बनलेला असतो. गाळानं त्याचा इंपेलर अडकतो आणि मोटार जळते. मड पंपाच्या बुडाशी सिमेंटच्या घमेल्याला भोकं पाडून ते टोपलीसारखं लावा, म्हणजे चिंध्या आणि प्लास्टिक आत जात नाही. पाणी कमी झाल्यावर कोरडा चालू राहिला तर हा बुडून चालणारा पंप तापतो, कारण त्याला भोवतालचं पाणीच थंड ठेवतं. पाणी उतरलं की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच नसेल तर माणूस उभा हवा. भाड्यानं मिळणारा 2 इंची पेट्रोल पंप चालेल, पण त्याचं इंजिन तळघरात उतरवू नका, फक्त सक्शनचा पाइप खाली सोडा.

तळघर किंवा खालच्या पातळीवरचं दुकान असेल तर पाणी एका दमात उपसू नका. बाहेरची जमीन अजून पाण्यानं भरलेली असते आणि तिचा दाब भिंतीवर असतो. आतलं पाणी त्या दाबाला तोलून धरतं. ते एकदम काढलं तर भिंत आत येऊ शकते किंवा फरशी वर उचलली जाते. पहिल्या दिवशी दोन-तीन फूट उतरवा, भिंतीवर खूण करा, रात्रभर थांबा. सकाळी पाणी परत खुणेच्या वर आलं असेल तर बाहेरची पातळी अजून उतरलेली नाही, थांबा. पाणी खुणेवरच असेल तर पुढचे दोन-तीन फूट उतरवा.

गाळ ओला असतानाच काढायचा. सुकला की तो भिंतीच्या छिद्रांत आणि स्कर्टिंगमागे घट्ट बसतो, पाणी धरून ठेवतो आणि कुजतो. वरून खाली धुवा. प्रेशर वॉशर सिमेंटच्या गिलाव्यावर चालतो, पण मातीच्या किंवा चुन्याच्या जुन्या भिंतीवर नाही, तिथे बागेचा साधा पाइप आणि मऊ ब्रश पुरे. गमबूट आणि रबरी हातमोजे घालूनच काम करा. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या भेगेतून शिरतात. पायाला जखम असेल किंवा नंतर ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरल्याचं सांगा. ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर तिच्यावर टॉयलेट क्लिनरसारखं आम्ल टाकू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

उरलेलं पाणी ओला-सुका व्हॅक्यूम ओढतो. 1200 ते 1600 वॉटचा, 20-30 लिटर टाकीचा घ्या. घरातला धुळीचा व्हॅक्यूम यासाठी चालत नाही, पाणी थेट मोटारीत जातं. ओल्या कामाआधी कागदी किंवा कापडी फिल्टर काढून फोमची बाही चढवायची. टाकी भरली की आतला फ्लोट वर जातो, मोटारीचा आवाज एकदम चढतो आणि ओढ बंद होते. आवाज बदलला की टाकी रिकामी करा. टाइल्सच्या सांध्यांवरून, चौकटीच्या खाचेतून, दाराच्या रुळातून, सोफ्याच्या फोममधून नोझल दाबून सावकाश फिरवा. हे कंटाळवाणं काम टाळू नका. व्हॅक्यूमनं सेकंदात निघणारा प्रत्येक लिटर नंतर डिह्युमिडिफायरनं, म्हणजे हवेतली वाफ टिपणाऱ्या यंत्रानं, काढायचा झाला तर अर्धा ते पाऊण युनिट वीज आणि बराच वेळ लागतो.

भिंत मोकळी करा

ओल आणि हवा यांच्यामध्ये जे काही आहे ते काढल्याशिवाय यंत्र लावण्यात अर्थ नाही. वॉलपेपर, पीव्हीसी पॅनेल, जिप्समचं पार्टिशन, लाकडी पॅनेलिंग, मॉड्युलर किचनच्या पायाशी असलेली पट्टी हे सगळं काढा. भिजलेला जिप्सम बोर्ड वाळून परत ताकद धरत नाही. पाण्याच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत कापून टाका आणि आतला ग्लासवूल फेकून द्या. भुशाचे पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ फुगले की संपले. स्वस्त कमर्शियल प्लाय बहुधा थर सोडतो. सागवान, फणस, शिसव मात्र वाचतं.

ऑइलपेंट आणि जाड प्लास्टिक इमल्शन हे भिंतीवर चढवलेले रेनकोटच आहेत. ते आणि त्याखालची वॉल पुट्टी भिजलेल्या भागात खरवडून काढा. गिलाव्यावर काठीनं टकटक करून पाहा. भद्द आवाज आला तर तो भिंतीपासून सुटलाय, पाडून टाका. फरशीवरही तेच, पोकळ वाजणाऱ्या टाइलखाली पाणी असण्याची शक्यता मोठी. लाकडी लॅमिनेट फ्लोअरिंग सगळं उचलावंच लागतं, कारण त्याखाली फोमचा पातळ थर असतो आणि तो पाणी सोडत नाही.

बुरशीला 24 ते 48 तास पुरतात. म्हणून ही तोडफोड दोन दिवसांत व्हायला हवी, मिस्त्री नंतर येईल म्हणून थांबू नका.

खिडकी उघडी की बंद?

इथेच बहुतेकांची मेहनत वाया जाते. नेहमीचा सल्ला असतो की सगळं उघडा आणि पंखे लावा. जुलै-ऑगस्टच्या कोकणात तो कधी बरोबर असतो, कधी उलटा. ठरवायचं कसं हे कळण्यासाठी हवेत किती पाणी मावतं ते बघू. एक घनमीटर हवेत 24 डिग्रीला जास्तीत जास्त 21.8 ग्रॅम, 26 ला 24.4, 28 ला 27.2, 30 ला 30.4, 32 ला 33.8 आणि 34 ला 37.6 ग्रॅम वाफ मावते. हा आकडा आर्द्रतेच्या टक्क्यांनी गुणला की हवेत प्रत्यक्ष किती पाणी आहे ते मिळतं.

आत 29 डिग्री आणि 80 टक्के असेल तर आतल्या हवेत साधारण 23 ग्रॅम पाणी आहे. बाहेर पाऊस पडतोय, 25 डिग्री आणि 95 टक्के, तर बाहेर 22 ग्रॅम. आकड्यानं 95 मोठा दिसतो, तरी बाहेरची हवा किंचित कोरडी आहे, खिडकी उघडल्यानं नुकसान नाही. पण डिह्युमिडिफायर चार दिवस चालवून आत 28 डिग्री आणि 60 टक्के आणलंत तर आत फक्त 16 ग्रॅम उरलेत. तेव्हा तीच खिडकी उघडली की बाहेरचे 22 ग्रॅम आत येतात आणि रात्रभराचं काम तासाभरात पुसलं जातं.

म्हणून नियम असा. पहिले एक-दोन दिवस, भिंती निथळत असताना, सगळं उघडं आणि पंखे बाहेरच्या दिशेनं. त्यानंतर यंत्र लावायचं असेल तर खोली बंद, फटी चिकटपट्टीनं बुजवलेल्या, कौलारू घर असेल तर आतून प्लास्टिकची ताडपत्री ताणून छत खाली आणलेलं. उघड्या खोलीत डिह्युमिडिफायर लावणं म्हणजे गावभरची हवा वाळवणं.

आणि ऑक्टोबरची वाट पाहण्यात कमीपणा नाही. 33 डिग्री आणि 45 टक्क्यांच्या दुपारी हवेत फक्त 16 ग्रॅम पाणी असतं. तेव्हा दारं-खिडक्या उघड्या टाकून पंखे लावले तर यंत्राचं काम फुकटात होतं. रात्री दव पडायला लागलं की बंद करा.

पंखे आणि ब्लोअर

पंखा पाणी नाहीसं करत नाही. ओल्या भिंतीला चिकटून दमट हवेचा एक पातळ थर असतो, तो ढकलून दुसरी हवा तिथे आणतो, एवढंच त्याचं काम. बंद खोलीत नुसता पंखा लावला तर काय होतं पाहा. 10 बाय 12 आणि 10 फूट उंच खोलीत 34 घनमीटर हवा मावते. 28 डिग्रीला ती 70 टक्क्यांवरून 100 टक्क्यांवर जायला पाव लिटरच्या आसपास पाणी पुरतं. एक मोठा पेला. त्यानंतर पंखा रात्रभर फिरला तरी भिंत वाळत नाही, आणि दमट उबेत बुरशीला मात्र पोषक हवा मिळते. पंख्याबरोबर एक तर बाहेरचा रस्ता हवा, नाहीतर पाणी टिपणारं यंत्र.

व्यावसायिक लोक जमिनीलगत झोत टाकणारे सेंट्रिफ्यूगल ब्लोअर वापरतात. हॉटेलांत गालिचे वाळवायला असतात तेच. ते भिंतीकडे थेट तोंड करून ठेवत नाहीत. भिंतीशी 15 ते 45 अंशांचा तिरका कोन, झोत भिंतीला घासत पुढे जाईल असा, आणि सगळे ब्लोअर एकाच दिशेनं, म्हणजे खोलीत हवा गोल फिरते. समोरासमोर लावले तर झोत एकमेकांना मारतात आणि कोपरे ओलेच राहतात. साधारण दर 12-14 फूट भिंतीमागे एक असा हिशेब धरा.

असा ब्लोअर चारशे-पाचशे वॉट खातो. विटांच्या भिंतीसाठी चार-पाच टेबलफॅन जमिनीवर ठेवून तितकंच साधतं असं आमचं मत आहे, आणि ते सगळे मिळून 300 वॉटच्या आत राहतात. ब्लोअरची खरी गरज गालिचा, गादी आणि कपाटाखालच्या चिंचोळ्या फटीला. छताचा पंखा चालू असू द्या, पण भिंतीच्या तळाशी, जिथे ओल सर्वात जास्त, तिथे त्याची हवा नीट पोचत नाही.

घरात डेझर्ट कूलर असेल तर तो उत्तम ब्लोअर आहे, एका अटीवर. टाकी कोरडी, पाण्याचा पंप बंद, आणि गवताची किंवा मधाच्या पोळ्यासारखी पॅडं काढलेली. पॅड ठेवलं तर त्यातली जुनी ओल आणि धूळ खोलीत येते. पॅडं काढल्यावर आतला पंखा उघडा पडतो, मुलांना दूर ठेवा. खिडकीत बाहेर तोंड करून ठेवला तर तोच मोठा एक्झॉस्ट होतो.

एकच भिंत हट्टानं ओली राहिली असेल तर तिच्यापुढे फूटभर अंतरावर छतापासून जमिनीपर्यंत प्लास्टिक लावून बोगदा करा. एका टोकाला पंखा, दुसरं टोक उघडं. सगळी हवा तिथूनच जाते.

डिह्युमिडिफायर

आपल्याकडे बहुतेक यंत्रं कॉम्प्रेसरची असतात. आतल्या थंड कॉइलवर हवेतलं पाणी जमतं आणि टाकीत पडतं. सिलिका जेलच्या चाकाची डेसिकंट यंत्रंही मिळतात, पण त्यांचा फायदा थंडीत. किनारपट्टीवर आणि देशावर पावसाळ्यात कॉम्प्रेसरचंच घ्या. महाबळेश्वर किंवा तोरणमाळच्या हिवाळ्यात, 15 डिग्रीच्या खाली, कॉइलवर बर्फ धरायला लागतो, तिथे डेसिकंट बरं.

खोक्यावरचा आकडा जपून वाचा. "दिवसाला 20 लिटर" हा बहुधा 30 डिग्री आणि 80 टक्के आर्द्रतेचा आकडा असतो. खोली 60 टक्क्यांवर आली की तेच यंत्र निम्मंच पाणी काढतं. ते बिघडलेलं नाही, हवेतच पाणी कमी उरलंय. वर हिशेब केलेल्या खोलीसाठी 50 लिटरच्या वर्गातलं यंत्र धरा. ते 700 ते 1000 वॉट घेतं, चोवीस तास चाललं तर 17 ते 24 युनिट. 20 लिटरवालं लहान यंत्र कपाटांची खोली किंवा देवघर यांना ठीक, पुराच्या भिंतीला अपुरं पडतं. तीन खोल्या असतील तर एक यंत्र तिन्हींच्या मध्ये ठेवू नका. एक खोली बंद करून पूर्ण करा, मग दुसरी. आधी ती घ्या जिला दुसऱ्या कोरड्या खोलीची भिंत लागून आहे.

यंत्र आडवं करून टेम्पोतून आणलं असेल तर उभं करून चार-पाच तास थांबा, कॉम्प्रेसरचं तेल खाली बसू द्या. खोलीच्या मधोमध ठेवा, सगळ्या बाजूंनी किमान फूटभर मोकळं. सेटिंग "कंटिन्युअस" वर. आतली टाकी बहुधा 4 ते 6 लिटरची असते, रात्री दोनच्या सुमारास ती भरते आणि यंत्र बंद पडतं, सकाळपर्यंत काही होत नाही. म्हणून मागच्या नळीनं पाणी सतत मोरीत सोडा. नळी पूर्ण उतारावर हवी. मधे एक वळसा जरी वर आला तरी पाणी तुंबतं आणि यंत्राच्या बुडातून सांडतं. नळी मोठ्या बादलीत सोडली तर रोज मोजता येतं, ते जास्त चांगलं.

पूरग्रस्त घरात गाळाची बारीक धूळ उडत असते. फिल्टर पहिल्या आठवड्यात रोज धुवा. तो चोंदला की हवा कमी येते, कॉइल जास्त थंड होऊन उन्हाळ्यातही बर्फ धरते आणि पाणी थांबतं. बर्फ दिसला तर चाकूनं खरवडू नका, बंद करून वितळू द्या. खोली तापणं स्वाभाविक आहे. यंत्र वीज आणि वाफेची उष्णता दोन्ही खोलीत सोडतं, आणि गरम भिंत लवकर वाळते. पण 35 डिग्रीच्या वर बरीच यंत्रं स्वतःहून थांबतात. तेव्हा दुपारी तासभर दार उघडून खोली निववा, मग परत बंद.

एसी पाण्याच्या वर राहिला असेल तर त्याचा उपयोग होतो. दीड टनाचा स्प्लिट दमट हवेत तासाला लिटर-दीड लिटर पाणी काढतो. ड्रेनच्या नळीखाली बादली ठेवून पाहा. त्याची अडचण वेगळी आहे, तो खोली थंड करतो, आणि थंड भिंतीतून वाफ सावकाश निघते. म्हणून 27-28 डिग्रीवर, पंखा कमी वेगावर चालवा. बाहेरचं युनिट बुडालं असेल तर मेकॅनिकनं पाहिल्याशिवाय चालू करू नका.

ओल शोषणाऱ्या डब्या मिळतात, कॅल्शियम क्लोराइडच्या. एक डबी पूर्ण भरायला काही आठवडे घेते आणि काही शे मिलिलिटर पाणी धरते. 400 लिटरपुढे ती काय करणार? कपाटात, कागदपत्रांच्या पेटीत ठेवा. हॅलोजनचे दिवे आणि हीट गन भिंतीवर रोखू नका. वरचा थर भाजून कोरडा होतो, आत पाणी तसंच राहतं, आणि गिलाव्याला जाळीदार तडे जातात. लाकडाजवळ आगीचा धोका वेगळाच.

मोजा, नाहीतर अंदाजानं पैसे जातात

दोन साधनं पुरतात. पहिलं डिजिटल थर्मो-हायग्रोमीटर, दोन नग, एक आत आणि एक बाहेर. स्वस्त मीटर 5-7 टक्क्यांनी चुकू शकतात, पण घरीच तपासता येतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूइतकं भिजेल एवढंच पाणी घाला, मीटरसोबत हवाबंद डब्यात ठेवा. 10-12 तासांनी आत 75 टक्के असायला हवेत. 80 दाखवलं तर तुमचा मीटर 5 जास्त दाखवतो, पुढे तेवढे वजा करा.

दुसरं, दोन टाचण्यांचा मॉइश्चर मीटर. तो लाकडासाठी बनलेला असतो. लाकडावरचा आकडा टक्के म्हणून खरा, भिंतीवरचा फक्त तुलनेसाठी. वरच्या मजल्यावरच्या, न भिजलेल्या, तशाच विटेच्या किंवा चिऱ्याच्या भिंतीवर आधी मोजा, ते तुमचं लक्ष्य. मग भिजलेल्या भिंतीवर खडूनं खुणा करा, जमिनीपासून अर्धा फूट, दोन फूट, चार फूट आणि रेघेच्या फूटभर वर. रोज त्याच खुणांवर, त्याच वेळी मोजा. भिंतीवर पांढरे क्षार आले असतील तर मीटर खोटा मोठा आकडा दाखवतो. क्षार कोरड्या ब्रशनं झाडून गोळा करा आणि फेका. पाण्यानं धुतले तर ते विरघळून परत आत जातात आणि पुढच्या वर्षी लोणा म्हणून बाहेर येतात.

मीटर नसेल तर दीड फुटी चौरस पॉलिथिन भिंतीवर चारही बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवा. 16 ते 24 तासांनी आतल्या बाजूला दव दिसलं तर भिंत अजून पाणी सोडतेय.

रोज चार आकडे वहीत टिपा, आतली आर्द्रता, बाहेरची, भिंतीचं मोजमाप आणि बादलीतलं पाणी. पहिल्या दिवसांत बादली भरभरून येते. पाणी एकदम घटलं आणि भिंतीचा आकडाही घटतोय तर ठीक चाललंय. पाणी घटलं पण भिंतीचा आकडा हलत नाही, तर पृष्ठभाग कोरडा पडून ओल आत अडकली आहे, पंखे भिंतीजवळ आणा आणि रंगाचा राहिलेला थर शोधा. पाणी भरपूर येतंय पण आकडे हलत नाहीत, तर बाहेरची हवा कुठून तरी शिरतेय, किंवा गळका पाइप नाहीतर संडासाचा सांधा पाणी पुरवतोय. तीन दिवस काहीच न बदलणं ही खूण दुर्लक्षू नका.

खोलीची आर्द्रता 45-50 टक्क्यांवर ठेवा. त्याखाली नेण्यात भिंतीचा फायदा नाही आणि लाकूड मात्र तडकतं. सागवानी कपाट, पलंग, जुनी पेटी यांना ऊन आणि ब्लोअर दोन्ही वर्ज्य. सावलीत, खाली पट्ट्या घालून, मंद पंख्याच्या हवेत ठेवा. फुगलेला ड्रॉवर ओढून काढू नका, मागची फळी खोलून मागून ढकला. लाकडाचा आकडा 16-18 च्या खाली आला की पॉलिश, आधी नाही.

रंग कधी?

50 लिटरच्या यंत्रानं दोन-तीन आठवड्यांत खोली राहण्याजोगी होते. बादलीत दिवसाला अर्ध्या लिटरहून कमी पाणी येऊ लागलं, आतली आर्द्रता यंत्र बंद करूनही दोन दिवस 60 च्या खाली राहिली, की भाड्याचं यंत्र परत करा. पण भिंतीचा गाभा तेव्हाही ओला असतो. जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण एक महिना असा जुना ठोकताळा आहे. 9 इंची भिंत दोन्ही बाजूंनी वाळली तरी चार-साडेचार महिने. जांभ्याच्या जाड भिंतीला त्याहून जास्त.

जुलैत पाणी आलं, गणपती महिन्या-दीड महिन्यावर, आणि घर सजवायची इच्छा कोणाला नसते? तरी त्या वेळी पुट्टी आणि इमल्शन लावू नका. दिवाळीपर्यंत त्याचे फुगे येतात, मार्चपर्यंत पोपडे, आणि केलेला खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो. गणपतीला विरलेल्या चुन्याचे दोन पातळ हात द्या. चुना वाफ बाहेर जाऊ देतो, बुरशीला रोखतो आणि मखर शोभेल इतका पांढरा दिसतो. मखर आणि कपाटं मात्र भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. कायमचा रंग जानेवारी-फेब्रुवारीत, पॉलिथिनची चाचणी चारही भिंतींवर कोरडी निघाल्यावर. ती चाचणी घेताना जमिनीपासून अर्ध्या फुटावरची जागा निवडा, ती सर्वात शेवटी वाळते.